मनगटावरचा चटका

अश्लेषा बास्केट भराभर टाकायची, पण तिच्या रागापायी दोन क्लबांनी तिला नारळ दिला होता. त्यामुळे ती संघात आली त्या दिवसापासून कॅप्टन मृदुला तिच्यावर नजर ठेवून होती.

त्यात भर पाचही जणींच्या मनगटावरच्या पट्ट्यांची होती. एकीच्या मनात खळबळ झाली, की तिची पट्टी बाकी चौघींना चटका द्यायची. एकमेकींचं मन असं कळायचं, म्हणून तर या मुली न बघता पास द्यायच्या. अश्लेषा आल्यापासून मात्र पोरींची मनगटं सारखी भाजत होती आणि चेंडू हातातून निसटत होते. मृदुलाला चटके बसत नव्हते. आपण मनाने घट्ट आहोत, असं तिला वाटत होतं.

फायनलच्या आदल्या दिवशी सराव थांबवून मृदुला कोचना म्हणाली, "सर, एक तर ही राहील, नाहीतर मी."

कोच देशकर सरांनी अश्लेषाला हाक मारली. "पट्टी काढून खेळ गं जरा."

"घ्या. मीच तर चोर," म्हणत तिने पट्टी बाकावर टाकली.

खेळ पुन्हा सुरू झाला. अश्लेषाने लांबून सुरेख बास्केट केली, आणि जुईने मनगट दाबून धरलं. "आई गं, ताई, आता तर जास्तच भाजलं."

बाकी दोघीही मनगट चोळत होत्या. मृदुलाचं तेवढं गार होतं.

मृदुलाने आपली पट्टी सोडून अश्लेषाच्या पट्टीशेजारी ठेवली आणि चेंडू उचलला. आता पास द्यायचा तर बघावंच लागणार होतं. तिने पहिल्यांदाच अश्लेषाचा चेहरा नीट पाहिला.

आता इथूनही नारळ मिळणार म्हणून पोरगी घाबरलेली होती.