कुंपणाची उंची

"काका, डुकराची उंची किती धरू?" वायरमनने गुडघे टेकत विचारलं. तार अर्ध्या बागेभोवती फिरून झाली होती.

"नाकाला लागली पाहिजे." सासऱ्यांनी जमिनीपासून हाताने मोजून दाखवलं. "एक वीत, चार बोटं. एकदा नाक पोळलं की पुन्हा या वाटेला फिरकणार नाही."

लॉन नांगरल्यासारखं पडलं होतं. रानडुकरांनी रात्रीत फाटकापासून गुलाबांपर्यंत सगळं उलथून टाकलं होतं. आठवड्यातली ही तिसरी खेप. निवृत्त झाल्यापासून सासरे या लॉनचं एकेक पातं जपत होते. "इतक्या मायेने माझ्याकडे कधी पाहिलं नाही," असं सासूबाई दारातूनच म्हणाल्या आणि आत गेल्या.

सून पायऱ्या उतरून आली. कडेवर अकरा महिन्यांचं बाळ, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. सासऱ्यांसमोर तिने मूठ उघडली. तळहातावर तीन लठ्ठ, पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"हुमणी आहे ही, बाबा. डुकरं हिच्यासाठी माती उकरतात. कच्चं शेणखत टाकू नका, अळी पडेल, असं नर्सरीवाला तुम्हाला बजावून गेला होता. आधी अळीचं बघा. डुकरं आपोआप थांबतील."

"अळीला दोन महिने लागतील. तोवर डुकरांना हातपाय धुवायला लावून जेवायला बसवू?"

"आणि बाळ?"

"अगं, करंट रात्रीपुरता. सकाळी उठलो की बंद."

"परवा पाण्याचा पाइप चालू ठेवून बँकेत गेलात. इथे तळं झालं होतं."

"पाणी वेगळं, वीज वेगळी."

"तेच म्हणतेय मी."

तिचा आवाज चढला नव्हता. अळ्या तिने झटकून टाकल्या आणि बाळाला हलकेच खाली सोडलं.

बाळ ढेकळं ओलांडत, रांगत थेट तारेपाशी गेलं. त्याला ना मान उंचावावी लागली, ना वाकावं लागलं. तार नाकासमोर होती. त्याने ती दोन्ही मुठींत पकडली आणि शिवशिवणाऱ्या हिरड्यांनी चावायला घेतली. लाळेचा धागा तारेवरून खाली लोंबला.

"अजून जोडलेली नाही, ताई," वायरमन घाईघाईने म्हणाला.

"माहीत आहे, दादा. म्हणून तर सोडलं."

वायरमनने पक्कड खाली ठेवली. सासऱ्यांनी घसा खाकरला.

"त्याला शिकवायचं. दोनदा दटावून सांगितलं, हात लावायचा नाही, की समजतं. पोरं काय अशीच मोठी होतात?"

सुनेने बाळाची मूठ एकेक बोट करून सोडवली. त्याची ओली हनुवटी पुसली, त्याला पुन्हा कडेवर घेतलं.

"मग डुकरांनाच सांगून बघा ना, बाबा," ती म्हणाली. "ती तर याच्यापेक्षा मोठी आहेत."