आईचा दगड

एकाच आठवड्यात शरणप्पा दुसऱ्यांदा आपल्या भंगाराच्या दुकानात आलेले बघून वैजनाथनं हातातला पाना खाली ठेवला. मुखेडहून नांदेड म्हणजे काय घरामागचं परसू नव्हे. सत्तरीला टेकलेला माणूस लोखंडापायी दोनदा एसटीचे धक्के खातो, म्हणजे कमालच झाली.

मागल्या खेपेला नेलेला ब्रेकचा जोड बसला नाही का, असं त्यानं विचारलं.

"न्हाई जमला," शरणप्पा म्हणाले. "दुसरा दाखव."

वैजनाथनं एका चेपलेल्या छोट्या गाडीची पुढची चाकं उघडली आणि दोन डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे धरणारे दोन कॅलिपर काढून दिले. पुढच्या चाकाचा माल आहे, याला हँडब्रेकची तार जोडता येत नाही, हेही बजावलं. चाळीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात ब्रेक बांधलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं. शरणप्पा नुसते हसले. डिस्कची कड बोटानं चाचपली आणि सगळं पिशवीत भरलं. आधीचा जोड आणा, बदली धरतो, असं वैजनाथ म्हणाला. तर म्हणे, आणीन की सवडीनं.

घरच्या जुन्या जीपचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे, हा हट्ट मुळात दामिनीचा. शरणप्पांची ही एकुलती लेक लातूरला कॉलेजात शिकवते. तिची आई शिवगंगा तीन वर्षांमागं गेली. घरच्या शेतात, टेकावर तिची समाधी आहे. दर सोमवारी शरणप्पा बेल घेऊन जीपनं टेकावर जायचे.

दिवाळीत दामिनी सोबत होती. टेकावरून उतरताना मागचे ड्रम तापले, जळका वास सुटला आणि पेडल थेट तळाला गेलं. जीप तुरीत घुसून थांबली. जिवावरचं शेपटावर निभावलं. पण पोरगी जी घाबरली ती घाबरलीच.

तेव्हापासून ती दर रविवारी दोन एसट्या बदलून मुखेडला येई आणि बापाला शेजारच्या दगडोबाच्या रिक्षातून टेकापाशी नेई. जीप हलवायची नाही, अशी तंबी होती. अक्षय तृतीयेपर्यंत ब्रेक झाले नाहीत तर गाडी विकायची, हेही ठरलेलं. एका रविवारी दमून ती म्हणाली होती, ब्रेक एकदा नीट झाले की माझा घोर मिटला, मग मी दोन महिन्यांनी आले तरी चालेल. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. हाव, बरोबर हाय, असं शरणप्पाही म्हणाले.

पण खरं सांगायचं तर ते त्यांच्या काळजाला लागलं. रविवार सोडला तर बाकीचे सहा दिवस त्या घरात त्यांच्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज नसे. भाकरीसुद्धा ते उभ्यानंच खायचे. बसून कुणापुढं खायची?

नांदेडहून आल्यावर चार दिवस ते कामाला भिडले. जाड पत्रा कापून कॅलिपर धरायला पट्ट्या केल्या, भोकं पाडली, नवे पाइप ओढले. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची राहिली. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून हवा सोडायची. शरणप्पांनी पेडल आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवली आणि पुढून मागं, मागून पुढं सकाळभर येरझाऱ्या घातल्या. मधेच वर्कशॉपातल्या सवयीनं "सोड" असं म्हणून गेले आणि मग स्वतःच काठी काढायला पुढं गेले.

रविवारी दामिनीनं उतारावर तीनदा जीप थांबवायला लावली. तिन्ही वेळा जीप जागच्या जागी उभी राहिली. तिचा चेहरा खुलला. मग दोघं टेकावर गेले. तिनं सवयीनं हँडब्रेक ओढला, तर तो ढिलाच वर आला.

"ड्रमसंगं गेला तो," शरणप्पा म्हणाले. "ह्या डिस्कला न्हाई बसत."

"दुसरं काही मिळत न्हाई का, अप्पा?"

"सगळं नांदेड पालथं घातलं."

गिअरात ठेवून बघा, असं ती म्हणाली. पण ह्या जीपचा गिअर उतारावर सुटतो, हे तिलाही ठाऊक होतं. शरणप्पांनी पायानं ब्रेक धरला आणि नुसती मान हलवली. सीटखाली एक काळा दगड होता. पूर्वी हँडब्रेकची तार तुटली होती तेव्हा शिवगंगाच खाली उतरून तो मागच्या चाकाला लावायची आणि पत्र्यावर दोनदा थाप मारायची.

दामिनी उतरली. तिनं दगड लावला. पत्र्यावर दोनदा थाप पडली.

"लागला, अप्पा."

शरणप्पांनी ब्रेकवरचा पाय लगेच काढला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

समाधीवर बेल वाहताना तिनं विचारलं, "तुम्ही एकटे असला म्हणजे दगड कोण लावणार?"

शरणप्पा बेलाची पानं एकेक करून मांडत राहिले.

"एकटं यायचं न्हाई," ती म्हणाली. "सोमवारचा रविवार झालाय, तोच ठेवू. आईला चालंल. मी येत जाईन, दर रविवारी."

"तुला लई तरास व्हईल, बाई."

"ते माझं मी बघन."

संध्याकाळी तिला एसटीत बसवून शरणप्पा घरी आले. ताट वाढून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी मांडी घालून जेवले. मग हात पुसून शिवगंगाची ट्रंक उघडली. तिच्या लुगड्यांखाली, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, वैजनाथचा पहिला जोड ठेवलेला होता. हँडब्रेकच्या तारेची चिमुकली खिटी त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिली, गंजू नये म्हणून वर आणखी थोडं तेल सोडलं आणि झाकण लावलं. दुसऱ्यांदा नांदेडला जायच्या आधी तो जोड दोन्ही चाकांना बोल्ट न् बोल्ट बसला होता. आणि त्याच टेकावर, दगडाशिवाय, नुसत्या हँडब्रेकवर जीप तासभर तसूभरही हलली नव्हती.