जुळणारी सही

१९७४च्या उन्हाळ्यात सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्या रेवणप्पाला अर्धांगवायूचा झटका आला. तो गिरणीत मागावर कामाला होता. डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं आणि उजवा हात लुळा पडल्याचं सर्टिफिकेट लिहून दिलं. ते, त्याचं विम्याचं कार्ड आणि आजारपणाच्या भत्त्याचा फॉर्म घेऊन त्याची बायको रुद्राणी विम्याच्या ऑफिसात गेली.

कारकुनानं फॉर्म परत सरकवला. "ही सही कार्डावरच्या सहीशी जुळत नाही."

"डाव्या हातानं केलीया की, सायेब. उजवा हलतच न्हाय."

"मग मी काय करू? जुळणारी सही आणा."

"अंगठा घ्या की मग."

"सही येणाऱ्याचा अंगठा चालत नाही, बाई."

रुद्राणी रोज नवऱ्याला भिंतीला टेकवून बसवायची, कार्ड समोर ठेवायची आणि त्याच्या डाव्या हातात पेन्सिल द्यायची. चिडून तो ती फेकून द्यायचा. ती उचलून पुन्हा त्याच्या बोटांत द्यायची. महिन्याभरानं सही जमली, तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदाच रेवणप्पा हसला.

डॉक्टरांचं ताजं सर्टिफिकेट जोडून ती दुसऱ्याच दिवशी ऑफिसात गेली. कारकुनानं दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहिल्या.

 

"सही तंतोतंत जुळते," तो म्हणाला. "म्हणजे हात बरा झालाय, आणि हे सर्टिफिकेट खोटं आहे."