चौकशीला गेलेला माणूस

"तुमच्या वकिलाच्या कामावर तुम्ही समाधानी आहात का?" जज व्हिटकम्बबाईंनी विचारलं.

अमेरिकेतल्या ब्राउन्सव्हिलच्या केंद्रीय कोर्टात गुन्हा कबूल करायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतात. उत्तर वकिलाने आधीच घोटून घेतलेलं असतं. वकील अबेलार्दो कांतूनेही सकाळी कोठडीत आपल्या अशिलाकडून घोटून घेतलं होतं. "नुसतं 'हो' म्हण, निकानोर. पुराण लावू नकोस."

निकानोर तरांगो ट्रक चालवायचा. त्याच्या स्टेपनीत कोकेन सापडलं होतं आणि दहा वर्षांची सजा समोर दिसत होती. वकील करायची ऐपत नाही म्हणून कोर्टानेच त्याला कांतू दिला होता. पहिल्याच भेटीत तो काकुळतीला आला होता. "वकीलसाहेब, आदल्या दिवशी ट्रक लेंचोच्या गॅरेजात होता. स्टेपनीला कोणी हात लावला, ते त्याने बघितलंय. त्याला एकदा विचारा तरी!"

विचारायला माणूस नेमता आला असता. जजकडे एक अर्ज करायचा, खर्च सरकारचा. पण अर्ज करायचा म्हणजे हात पसरायचा, असं कांतूला वाटायचं. शिवाय कोठडीत बसलेला कोण स्वतःला चोर म्हणवतो? पुढच्या भेटीत त्याने सरळ ठोकून दिलं, "माणूस पाठवला होता. लेंचोला काही आठवत नाही म्हणे." निकानोरने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाला, "असं होय? मग कबूलच करतो."

आणि आता तो जजसमोर उभा होता.

"हो मॅडम, समाधानी आहे. वकीलसाहेबांनी माझ्यासाठी गॅरेजात माणूससुद्धा धाडला. गरिबासाठी कोण एवढं करतं?"

कांतूचे कान तापले. थाप त्याची, आणि ती शपथेवर सांगत होता दुसराच. जजबाईंनी मान डोलावली, पुढचं पान उलटलं. गप्प बसला असता तर दहा मिनिटांत सगळं आटपलं असतं, कोणाला पत्ताही लागला नसता. या विचाराचीच त्याला शरम वाटली. तो उठला.

"मॅडम, मी कोणालाही पाठवलं नाही. याच्याशी खोटं बोललो मी."

जजबाईंनी चष्मा काढला, कबुली तिथेच थांबवली आणि निकानोरला नवा वकील देण्याचा हुकूम लिहायला घेतला.

कांतूला मान वर करवेना. "माफ कर मला," तो पुटपुटला. "तुला माहीत नव्हतं."

"माहीत होतं की," निकानोर हळूच म्हणाला. "लेंचो दर रविवारी भेटायला येतो मला."

"अरे, मग गुन्हा कबूल कशाला करत होतास?"

"लढणार कोणाच्या भरवशावर, साहेब?"