युरोपाची अकरा मिनिटं

द्वारकाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर गुरूच्या चंद्रांचं वेळापत्रक पसरलं होतं. गुरूकडे निघालेल्या यानाचा कॅमेरा कोणत्या चंद्राकडे किती मिनिटं वळवायचा, हे त्यांच्या खगोलशास्त्रज्ञ लेक-जावयाने दुपारपर्यंत मोहिमेच्या केंद्राला कळवायचं होतं. जावयाने लेकीच्या युरोपा चंद्राची अकरा मिनिटं खोडून आपल्या लाडक्या आयो चंद्राला दिली. तिने पेन हिसकावलं, तसा त्याने ठोसा मारून तिचा ओठ फोडला.

द्वारकाबाईंनी खलातला बत्ता उचलला आणि त्याच्या बोटांवर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला.

"याच हातानं खोडलंत ना, जावईबापू?"

तो कळवळत खाली बसला. लेकीने रक्त पुसून अकरा मिनिटं पुन्हा लिहिली.

"हे यान परत कधी येतं गं?"

"नाही येत, आई. एकदाच जवळून जातं."

"मग ह्यालाही तसंच जाऊ दे," म्हणत द्वारकाबाईंनी त्याच्या चपला दाराबाहेर भिरकावल्या.