मागची डावी बाजू

लाखभर मैल पळालेली ही मोटार लिलावात राघोत्तमच्या गळ्यात मारताना तुम्ही एक गोष्ट लपवलीत, साहेब.

तिरुवल्लिकेणीच्या बोळात तो दर रविवारी स्वतः तेल बदलायचा, ग्रीस भरायचा. तरी मोटार मागून डावीकडे कललेलीच. त्यानं त्या बाजूच्या स्प्रिंगचे पाटे नवे घातले. आठवड्यात ती पुन्हा कलली.

"अय्यो, मागं कुणाला बसवून आणलंत हो?" दिवस भरलेली त्याची बायको तुळसी हसली होती.

आज तिला कळा सुरू झाल्या. त्यानं मागचं डावं दार उघडलं. ती आत वाकली आणि थांबली.

"अहो, यांना जरा सरकायला सांगा ना."

सीट रिकामी होती. मग मोटारीची डावी बाजू हळूच वर आली आणि उजवी खाली बसली.

आता तुळसीला कुणाशेजारी बसवायचं त्यानं? बोला, साहेब!