खिम्याचं पुरणयंत्र

खिम्याचं मशीन आम्ही घेतलं. पण घरात ते घेतलेलंच नाही, असं सध्या ठरलंय.

दाढा गेल्यापासून बाबांना मटण चाववत नाही. वर्षभर ते नुसता रस्सा पितायत. म्हणून मी चार रविवार दुकानं पालथी घातली, प्लास्टिकच्या चाकांची सगळी मशिनं नाकारली आणि ओतीव लोखंडाचं, हाताने फिरवायचं धूड खांद्यावरून घरी आणलं.

घरी आत्या होळीचं पुरण वाटायला बसली होती. "पुरणयंत्र आणलंस? शहाणा गं बाई माझा!" मी तोंड उघडेपर्यंत डाळ आत गेली होती. पुरण लोण्यासारखं निघालं, नैवेद्य झाला, आणि आत्याने मशीनला हळदकुंकू लावलं. "आता ह्याला मटणाचा हात लावून तर बघ!"

बाबा पोळी दुधात कुस्करत हळूच म्हणाले, "कधी मोडेल रे हे?"

"ओतीव लोखंड आहे, बाबा. आपल्या हयातीत तरी नाही."

तरी सदर यंत्रास आठवड्यातून एक दिवस मांसाहारी घोषित करण्यात यावे, ही माननीय आत्याबाईंस नम्र विनंती.